पाण्यावरचा पालथा टब

आमचे हे गेले, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी वरची खोली भाड्याने द्यायचं ठरवलं. घर खालापूरला, दोघांनी मिळून बांधलेलं. वर एक खोली आणि गच्ची, खाली आम्ही. आम्हाला मूलबाळ नाही. ते असताना संध्याकाळी गच्चीत त्यांच्या चपलांचा आवाज यायचा, झाडांना पाणी घातल्याचा यायचा. तो बंद झाल्यावर घराला छतच उरलं नाही असं वाटायचं. कुणीतरी वर चालायला हवं होतं, बस्स.

कर्जतचा भाऊ फोन करून म्हणायचा, "ये की इकडे. माहेर आहे तुझं. तिथं एकटी काय करतेस?"

मी "येईन येईन" म्हणायचे. जायचे नाही. भावाच्या घरी माणसं पुष्कळ, पण त्यांचं बोलणं माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे जायचं. तिथं मी जास्तच एकटी पडायचे.

नोकरी सुटली होती. रसायनीच्या एका कारखान्यात मी प्रयोगशाळेत होते. सांडपाणी बाहेर सोडण्याआधी तपासायचं, हे माझं काम. ह्यांच्या आजारपणात रजा वाढत गेल्या, शेवटी राजीनामा दिला. नंतर विचारायला गेले तर माझ्या टेबलावर एक यंत्र बसलं होतं. नमुना ठेवला की ते स्वतःच आम्ल सोडत होतं आणि आकडा छापून देत होतं. तिथल्या मुलांनी चहा पाजला. यंत्र कसं चालतं ते मला फार कौतुकाने दाखवलं.

तेव्हाच्या एका सहकारी बाईंनी मग ऑक्टोबरात फोन केला. "एक मुलगी आहे, पीएच.डी. करते. तिला पाताळगंगेच्या काठाकाठाने काम करायचंय. राहायला जागा हवी, आणि हाताने टायट्रेशन करणारं कुणीतरी हवं. तुमचीच आठवण झाली."

ती आली ती छोट्या टेंपोतून. सामानात कपड्यांची एकच बॅग, बाकी सगळ्या पेट्या आणि बाटल्या. तिशीच्या आतबाहेरची, बारीक, उन्हाने रापलेली. गाव यवतमाळकडचं. मी विचारलं, "तिकडून समुद्राच्या अभ्यासाला कशी काय आलीस गं?"

"काय माहीत काकू. मी तर एम.एस्सी.ला आली तेव्हा पहिल्यांदा पाहिला समुद्र. त्याच्या आधी टीव्हीतच."

पहिल्या रात्रीच्या जेवणानंतर तिने मला काम समजावून सांगितलं. हवेत कार्बन डायऑक्साइड आहे, पाण्यातही विरघळलेला आहे. दोन्हीकडे त्याचा दाब सारखा असेल तर जितका आत जातो तितकाच बाहेर येतो. सारखा नसेल तर जिकडे जास्त तिकडून तो कमीकडे जातो. वारा सुटला, पाणी खळबळलं की भरभर जातो, पाणी निवांत असलं की हळू. "मला एवढंच पाहायचं आहे," ती म्हणाली, "की कुठल्या ठिकाणी तो कोणीकडे जाऊन राहिला. खोपोलीपासून सुरू करायचं, नदीनदीनं खाडीत जायचं, आणि मग समुद्रात."

"आणि समुद्रात कोणीकडे जातो?"

"सगळ्या जगाचे समुद्र मिळून धरले ना, तर हवेतून आत जातो. आपण जेवढा धूर करतो, त्यातला मोठा हिस्सा समुद्र घेऊन राहिले."

ते वाक्य मला इतकं आवडलं की पुढच्या आठवड्यात भिशीला मी ते बायकांना सांगितलं. समुद्र आपला धूर पिऊन टाकतो. एकीने "हो का?" म्हटलं आणि साबुदाणा वड्याची ताटली पुढे केली.

तिचं मुख्य साधन म्हणजे एक प्लास्टिकचा टब, आपण कपडे भिजत घालतो तसला. त्याच्या काठाला बाहेरून फुगवलेली ट्यूब बांधलेली. टब पालथा करून पाण्यावर सोडायचा. आत हवा कोंडते. टबाच्या पोटात एक छोटं यंत्र बसवलेलं होतं, ते कोंडलेल्या हवेतला वायू मोजून आकडा तिच्या हातातल्या पडद्यावर पाठवायचं. आकडा चढला तर पाणी देतंय, उतरला तर पाणी घेतंय. इतकं सोपं. मी आयुष्यभर पाणी तपासलं होतं, पण पाणी बाटलीत भरून आणून, चार भिंतींत. नदी आपल्या जागी असताना काय करते ते मी कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्यांदा टब टाकला तो खोपोलीच्या खाली. घाटावरच्या धरणांचं पाणी वीज करून झाल्यावर तिथं नदीत येतं. काठावर एक म्हातारे गृहस्थ म्हशी धूत होते. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "काय वं ताई, टब पालथा घालून मासं गावतात का?"

"मासे नाही हो. नदी श्वास कसा सोडते ते बघतोय," मी म्हणाले. उत्तर दिल्यावर माझी मलाच लाज वाटली, पण ते हसले नाहीत.

"सोडतंय का मंग?"

तिने पडद्याकडे पाहिलं. "सोडून राहिली. चांगलीच सोडून राहिली."

म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि म्हशीकडे वळले.

नदीत सगळीकडे तसंच निघालं. पानं, गाळ, गावांची घाण, जे जे पाण्यात कुजतं त्याचा वायू होतो आणि पाणी तो हवेत टाकत जातं. साजगावच्या खाली आकडा आणखी भरभर चढला. रसायनीपाशी मी तिला लांबून माझा कारखाना दाखवला. तिने "हो?" म्हणून मान वर केली आणि परत पडद्यात बघायला लागली. मलाही त्यापेक्षा जास्त काही सांगायचं नव्हतं.

घरी आलो की माझं काम सुरू. मागच्या पडवीत ह्यांचं जुनं लाकडी टेबल होतं, त्यावर आम्ही ब्युरेट उभी केली. ब्युरेट म्हणजे खुणा केलेली काचेची उभी नळी, खाली तोटी असलेली. टायट्रेशन म्हणजे तिच्यातून आम्ल थेंबाथेंबाने नमुन्यात सोडायचं. निळसर पाणी एका थेंबाला गुलाबी होतं, तिथं थांबायचं. तो एक थेंब ओळखणं हाताला येतं, शिकवता येत नाही. पहिल्या दिवशी तोटीवर बोटं ठेवली तेव्हा वाटलं होतं विसरले असेन. नव्हते विसरले. ती शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "काकू, तुमचा हात किती शांत आहे."

कुणी माझ्याबद्दल काही चांगलं म्हणून किती दिवस झाले होते कोण जाणे. मी पुढची बाटली घेतली.

हे कशाला करायचं तेही तिने समजावलं. नदीपेक्षा समुद्राचं पाणी वेगळं. समुद्रात गेलेला बहुतेक वायू वायू म्हणून राहतच नाही. तो पाण्यात शिरला की रूप पालटतो, आपल्या खाण्याच्या सोड्यात जो भाग असतो त्या रूपात जातो, आणि त्या रूपात हवेत परत येऊ शकत नाही. म्हणून समुद्रात इतका मावतो. किती मावेल ते पाण्याच्या क्षारपणावर ठरतं, आणि तो क्षारपणा माझ्या थेंबांनी कळायचा. काही बाटल्यांत ती विषाचा थेंब टाकून बूच लावून ठेवायची, म्हणजे आतले जिवाणू मरतात आणि पाणी आहे तसं राहतं. त्या बाटल्या मी फळीवर मागे सरकवून ठेवायचे, दुधाच्या भांड्यांपासून लांब.

रोज जेवण झालं की ती वर जाऊन आईला फोन करायची. खिडकी उघडी असायची आणि तिचा आवाज खाली यायचा. माझ्याशी जरा जपून बोलायची, तिथं मोकळी व्हायची. "नाही व माय, जेवली ना मी... अवं काकू करते न सैपाक... काहून रडून राहिली तू?" मी ओट्यापाशी उभी राहून भांडी पुसत ऐकायचे. ऐकू नये हे कळत होतं. पण घरात कुणीतरी कुणालातरी जेवल्याचं सांगत होतं, आणि तेवढ्याने मला झोप यायची.

डिसेंबरात टब गेला.

खारपाड्याच्या पुलाजवळ भरतीचं पाणी नदीत चढतं. तिथं ओहोटी लागताना मोजायचं होतं. टबाची दोरी तिने नीट बांधली होती, मी स्वतः ओढून पाहिली होती. पण ती पुलाच्या जुन्या खांबाला घासत राहिली, आणि खांबावर कालवांचे शिंपले चिकटलेले. त्यांची कड सुरीसारखी असते. आम्ही बाटल्या भरत होतो आणि मान वर केली तर दोरी तुटलेली आणि टब मधल्या प्रवाहात. ती गुडघाभर चिखलात धावली. मी ओरडले, "अगं थांब, पुढे खोल आहे!" ती थांबली. टब पालथ्या परातीसारखा डुलत खाडीकडे निघून गेला. आत ते महागडं यंत्र. एक होडीवाला दिसला, त्याला हाका मारल्या, तो टबामागे गेलासुद्धा. संध्याकाळपर्यंत शोधून परत आला आणि म्हणाला, "नाय गावला, बाय. ओटीचं पानी लय जोरात हाय."

मिनीडोर रिक्षातून आम्ही घरी आलो. तिच्या पायांवर चिखल वाळून पांढरा पडला होता. घरी मी पाणी तापवलं, पिठलं-भात केला. तिने घास घेतला आणि मग रडायला लागली. यंत्रासाठी नव्हतं ते फक्त. "काकू, माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलींची लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या. मी टब घेऊन फिरून राहिली. मी घरी सांगते तरी काय? माय विचारते, तू करते काय तिथं? मला सांगताच येत नाही."

"मला सांगतेस की," मी म्हणाले.

"तुम्हाला समजते म्हणून."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. असं कुणाच्या पाठीवर हात ठेवायची मला सवय नाही. किती वेळ ठेवायचा ते कळेना, मग तसाच ठेवला.

तिच्या सरांचा मेल आला, कडक होता. नवं यंत्र येईपर्यंत संक्रांत उलटली. मधल्या त्या आठवड्यांत फारसं काम नव्हतं. खोपोलीच्या बाजारातून आम्ही नवा टब आणला. दुकानदार रंग विचारत होता आणि ही पठ्ठी काठ किती उंच आहे ते बघत होती. दुपारी गच्चीत बसून ती टबाला भोकं पाडायची, मी वाल सोलायचे. त्या दिवसांत मी तिला ह्यांच्याबद्दल पुष्कळ सांगितलं. आजाराबद्दल नाही. ते चहा बशीत ओतून प्यायचे, मतदानाला सकाळी पहिले जायचे, असलं काहीबाही. ती ऐकायची. कधी नुसतं "हं" म्हणायची. भाऊ एकदा भेटायला आला आणि आम्हाला गच्चीत बघून मला बाजूला घेऊन म्हणाला, "बरी दिसतेस गं तू."

मी बरी होते. ती भाडेकरू आहे हे मला ठाऊक होतं. तिचं काम संपलं की ती जाणार हेही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि तसं वागणं यात अंतर असतं. मी मार्चमध्ये पुढच्या वर्षाच्या लोणच्याचा विचार करताना तिच्या वाटणीची बरणीही मनात धरत होते.

समुद्रावर आम्ही गेलो ते त्याआधीच, जानेवारीच्या शेवटी. रेवसच्या बाजूने एक मासेमारीची होडी ठरवली होती. हवा गार, पाणी सपाट. किनारा मागे पडल्यावर होडीवाल्याने इंजिन बंद केलं आणि इतकी शांतता झाली की मला कानात दडे बसल्यासारखं वाटलं. तिने टब सोडला. या वेळी दोरी दुहेरी होती. आम्ही दोघी पडद्यावर वाकलो.

नदीत आकडा पळायचा. इथं तो आधी जागचा हललाच नाही. मग एक पाऊल चढला. थांबला. पुन्हा चढला.

"चढतोय," मी म्हणाले. "म्हणजे देतोय? अगं पण समुद्र घेतो ना?"

"सगळीकडे नाही घेत, काकू."

"तू तर म्हणाली होतीस..."

"सगळे समुद्र मिळून घेतात. जिथं पाणी थंड असते तिथं जास्त घेतात. गार पाण्यात वायू जास्त मावतो, पाणी तापलं की सोडते. आता इथं तर खाडीचं पाणी येऊन मिसळून राहिलं, म्हणून देतोय. पण आणखी आत गेलो ना, तरी आपला अरबी समुद्र वर्षातला बराच काळ देतोच. पावसाळ्याचा वारा वरचं पाणी ढकलते, मग तळाचं पाणी वर येते. खाली इतकी वर्षं जे जे मरून पडलं, कुजलं, त्याचा सगळा वायू त्या पाण्यात असतो. वर आलं की सुटतो."

"किती वर्षं?"

"काही पाणी शेकडो वर्षांपूर्वी हवेला भेटलेलं असते. त्याच्यानंतर आताच."

होडीवाला सुपारी कातरत होता. त्याने विचारलं, "काय झालं? बिघाडलं का काय?"

"नाही हो," ती म्हणाली. "बरोबर आहे."

बरोबर होतं. आकडा बरोबर होता, टब जागेवर होता, ती खुशीत होती, कारण सरांना हेच अपेक्षित होतं. मला मात्र उगाच उदास वाटत राहिलं. भिशीतल्या बायकांना मी चुकीचं सांगितलं नव्हतं तसं, अर्धवट सांगितलं होतं. पण त्यांना आता पुढचं सांगायला गेले तर कोण ऐकणार होतं? मी हात बाहेर काढून पाण्यात बुडवला. गार होतं, पण तितकंसं गार नव्हतं.

एप्रिलमध्ये तिची शिष्यवृत्ती संपली. मुदत वाढवून मागितली होती, मिळाली नाही. तिला आता संस्थेत जाऊन प्रबंध लिहायचा होता. जायच्या आधी आम्ही पडवी आवरली. बाटल्या खोक्यात भरल्या, प्रत्येकीच्या मध्ये जुनी वर्तमानपत्रं कोंबली. ब्युरेट मी धुऊन, वाळवून, कापसात गुंडाळून दिली. नागपूरची खासगी बस संध्याकाळी हायवेला थांबते. घरी चार दिवस राहून ती पुढे जाणार होती. मी तिच्याबरोबर रिक्षाने तिथपर्यंत गेले. उन्हाचा पिवळा उजेड होता, ट्रक धूळ उडवत होते. डब्यात धपाटे दिले होते.

"काकू, तुम्ही नसत्या तर माझं काही झालं नसतं," ती म्हणाली आणि वाकून नमस्कार केला. मला म्हणायचं होतं, प्रबंध इथंच बसून लिही की, खोली आहे, इंटरनेट घेऊ. तोंडापर्यंत आलं होतं. पण बस आली, क्लीनर "चला चला" करायला लागला, आणि मी म्हणाले, "पोचलीस की कळव."

तिने कळवलं. नंतरही कळवत राहिली. आधी दोन-चार दिवसांनी फोन असायचा, मग रविवारी, मग सणाला. प्रबंध झाला, तिला पदवी मिळाली, त्या दिवशी आधी आईला आणि नंतर मला फोन केला. मी खूप आनंदले. देवापुढे साखर ठेवली आणि ती नंतर एकटीनेच खाल्ली.

मग बरेच महिने काही नाही. एकदा दुपारी फोन वाजला. ती पुण्यात होती. नोकरी लागली होती.

"अगं वा! कुठल्या संस्थेत?"

"संस्था नाही काकू. विम्याची कंपनी आहे. पूर, वादळं, त्याचा धोका कुठं किती, ते कॉम्प्युटरवर काढायचं. समुद्राच्या जागा निघतच नाहीत, किती दिवस वाट पाहायची? माय थकली आता. तिला इकडे आणून राहिली मी."

"बरं केलंस," मी म्हणाले. आणि खरंच तसं वाटत होतं. मग विचारलं, "आपल्या त्या आकड्यांचं काय झालं? खाडीच्या?"

"ते प्रबंधात आहे ना. पेपर करायचा होता, राहिलाच. सर पाहतील बहुतेक." मग म्हणाली, "काकू, मागच्या महिन्यात मुंबईला मीटिंग होती. तुमच्या इथूनच गेली मी, एक्सप्रेसवेनं. खालापूरचा टोल आला तेव्हा वाटलं उतरावं. पण कंपनीची गाडी होती, बाकीचे लोक होते."

"असू दे गं. येशील निवांत."

"येईन ना. नक्की येईन."

तिच्या आवाजात खोटं काही नव्हतं. घाट चढला की पुणं, तास-दीड तासाचा रस्ता. ती आली नाही. मीही गेले नाही. कुणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तिला पुढचं आयुष्य मिळालं होतं, आणि तिच्या त्या आयुष्यात पाताळगंगा ही एक जुनी, कष्टाची, मागे टाकलेली गोष्ट होती. माझ्याकडे मात्र पुढचं काही आलं नव्हतं, म्हणून माझ्याकडे ती अजून ताजी होती. साजगावच्या खालून बस जाते तेव्हा पुलावरून मी पाणी बघते, ते खळबळत असेल तर मनात येतं, आज भरभर देत असणार. हे सांगायला शेजारच्या सीटवर ओळखीचं कुणीतरी असतं बहुतेक वेळा. मी सांगत नाही. सांगायला सुरुवातीपासून सगळं सांगावं लागेल.

वरची खोली गेल्या वर्षी एका नर्सबाईंना दिली. चांगल्या आहेत, स्वच्छ राहतात, भेटल्या की हसतात. त्यांची ड्यूटी बहुतेक रात्रीची असते. दिवसा त्या झोपतात, म्हणून मी कुकर लवकर लावून घेते, टीव्हीचा आवाज बंद ठेवते आणि घरात अनवाणी वावरते.